गोव्याचा हस्तिदंती मेंढपाळ

सतराव्या शतकात गोव्यात घडविलेला हस्तिदंती 'उत्तम मेंढपाळ' कलेच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे; आपल्या भाविकांना मात्र तो फारसा ठाऊक नाही. टेकडीच्या माथ्यावर बाळ येशू बसला आहे. अंगात लोकरीचा झगा, कमरेला पाण्याचा भोपळा, एक कोकरू खांद्यावर, दुसरे मांडीवर. पाय एकमेकांवर टाकलेले, उजव्या हाताची बोटे गालाला टेकलेली आणि डोळे मिटलेले. खाली कारंज्याचे पाणी पिणारे पक्षी, चरणारी मेंढरे आणि अगदी तळाशी, गुहेत पहुडलेली पश्चात्तापी मग्दालिया मरिया. हा सारा डोंगर वीतभर, फार तर हातभर उंचीत मावतो. हत्तीचा सुळा टोकाकडे निमुळता होतो, आणि डोंगराचा आकारही तसाच. हे सुळे बहुतांशी आफ्रिकेतून, मोझांबिकच्या किनाऱ्यावरून गोव्यात येत. अशा मूर्ती आज लिस्बनमध्ये आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातही आहेत.

आमच्या सेमिनरीच्या दिवसांत भारतीयीकरणाचे वारे जोरात होते. या मूर्तीचे छायाचित्र प्रथम पाहिले तेव्हा 'हा तर ध्यानस्थ बुद्ध!' असे म्हणून मी मोकळा झालो होतो. आज इतक्या घाईने तसे म्हणवत नाही. बौद्ध शिल्पाशी असलेले साम्य नाकारता येणार नाही. सिंहलद्वीपातील हस्तिदंती कोरीवकाम पोर्तुगीजांना चांगले परिचित होते. कोट्टेच्या राजाने १५४० च्या दशकात तशा पेट्या लिस्बनला पाठविल्या होत्या. परंतु मिटलेल्या डोळ्यांचा उगम गीतरत्नाच्या पाचव्या अध्यायातही शोधता येतो. तेथे देह निद्रिस्त आहे आणि हृदय जागे आहे. शिवाय अँटवर्पला छापलेली धार्मिक चित्रे मिशनऱ्यांबरोबर गोव्यात येत होती, आणि कारागिरांपुढे नमुना म्हणून तीच ठेवली जात. गुरे राखणारा बाळदेव तर या भूमीला मुळीच परका नव्हता. मूर्ती पोर्तुगीजांची की आपली, या वादात मला म्हणूनच रस उरलेला नाही. मला कुतूहल आहे ते कोरणाऱ्या हाताचे.

येथे आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातील एक अवघड पान उलटावे लागते. १५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेने बिगरख्रिस्ती कारागिरांकडून पवित्र प्रतिमा करवून घेण्यास मनाई केली. अशी मनाई एकदा करून भागले नाही, ती पुन्हा करावी लागली. ज्या गोष्टीला वारंवार बंदी घालावी लागते ती घडत असतेच, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको. वेद्यांना, व्यासपीठांना, घरोघरच्या देव्हाऱ्यांना मूर्ती हव्या होत्या, आणि छिन्नी ज्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या होती त्यांत हिंदू कारागीर होते. गोव्यातील काही जुन्या व्यासपीठांच्या तळाशी आधार देणाऱ्या नागिणी पाहाव्यात. त्या युरोपातील चित्रांवरून उतरविलेल्या नाहीत.

१६१६ साली राशोलला 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. मराठी ओवीत ख्रिस्तकथा सांगणाऱ्या फादर स्टीफन्स यांचे नाव आपण अभिमानाने घेतो, आणि ते योग्यच आहे. त्याच सुमारास, त्याच मुलखात, दुसरा कोणी हस्तिदंतात तीच कथा सांगत होता. मेंढपाळाच्या झग्यावरील लोकरीचा एकेक झुबका त्याने इतक्या निगुतीने कोरला आहे की आजही तो बोटांना जाणवावा. आपले नाव मात्र त्याने कोठेच कोरले नाही.