सूर्यकन्या तापी : साहित्यातले नाते आणि आपले वागणे

गणरायाच्या आगमनाची तयारी सुरू झाली की आपल्या मंडळात दरवर्षी एक प्रश्न निघतोच. विसर्जन कुठे करायचे? तापीच्या पात्रात मूर्ती सोडायला आता बंदी आहे. महापालिका ठिकठिकाणी कृत्रिम तलाव करते आणि मोठ्या मूर्ती समुद्राकडे जातात. तरीही आमच्यातली ज्येष्ठ मंडळी हळहळतात, "एवढी नदी उशाशी असताना हौदात कसले विसर्जन?" हा प्रश्न श्रद्धेचा आहे. तो थट्टेवारी नेऊ नये असे आम्हांला वाटते. म्हणून त्याचे उत्तर शोधायला यंदा आम्ही आपल्या साहित्याकडे वळलो. निसर्ग आणि साहित्य म्हटले की आपल्याला पहिल्यांदा आठवतात ते तुकोबा आणि त्यांच्या वृक्षवल्ली. पण आपण सुरतकर आहोत, तेव्हा या लेखात तापीचाच काठ धरून चालू.

तापी ही सूर्याची कन्या आणि शनीची बहीण. आषाढ शुद्ध सप्तमीला सुरतेत तिचा जन्मदिवस साजरा होतो आणि काठापासून काठापर्यंत पुरेल अशी लांबलचक चुंदडी तिला नेसवतात. अश्विनीकुमार घाटाजवळच्या तीन पानांच्या वडाची गोष्टही आपण ऐकलेली आहे. कर्णही सूर्याचाच पुत्र, म्हणून त्याचा अंत्यसंस्कार बहिणीच्या काठी झाला, अशी ती लोककथा. म्हणजे या नदीला आपण आधी नाते दिले आणि मग नाव घेतले.

या नात्याची सर्वांत विचार करायला लावणारी कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. एक गंधर्व अर्जुनाला 'तापत्य' म्हणून हाक मारतो. अर्जुन विचारतो, आम्ही तर कुंतीचे पुत्र, मग तापत्य कसे? तेव्हा गंधर्व त्याला त्याच्या पूर्वजांची हकीकत सांगतो. संवरण नावाच्या राजाचे सूर्यकन्या तपतीवर मन जडले. वसिष्ठांनी सूर्याकडे मागणी घातली आणि लग्न झाले. पुढे राजाने राज्यकारभार अमात्यावर सोपवला आणि तो बारा वर्षे तपतीसह डोंगरावनात राहिला. त्या बारा वर्षांत त्याच्या राज्यात पाऊस पडला नाही. माणसे उपाशी मरू लागली, घरेदारे सोडून दाही दिशांना गेली. शेवटी वसिष्ठांनी राजाला परत आणले. त्याने नगरात पाऊल ठेवले तेव्हा पूर्वीसारखा पाऊस सुरू झाला. या दोघांचा मुलगा कुरू. म्हणजे कौरव आणि पांडव हे दोघेही तपतीचेच वंशज. पुढे पुराणांनी हीच तपती आपली तापी मानली.

ही कथा आम्ही मंडळाच्या बैठकीत वाचली तेव्हा एक गोष्ट मनाला लागली. संवरणाचे तपतीवर प्रेम कमी नव्हते. तिच्यावाचून त्याला काही सुचत नव्हते, इतके होते. तरी दुष्काळ पडला, कारण त्या प्रेमात राखण करण्याचे कर्तव्य विसरले गेले होते. निसर्गावर प्रेम असणे आणि निसर्ग राखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या पूर्वजांनी एवढ्या साध्या कथेत सांगून ठेवले आहे.

आता नदीच्या वरच्या अंगाला जाऊ. तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावते आणि सुमारे ७२४ किलोमीटर वाहून आपल्या सुरतेजवळ समुद्राला मिळते. तिचे खोरे सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटरचे. त्यातला जवळजवळ ७९ टक्के भाग महाराष्ट्रात आहे आणि गुजरातेत अवघा ६ टक्के. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या साऱ्या खानदेश-विदर्भाचे पाणी घेऊन तिला मिळतात. चांगदेवला पूर्णेचा संगम, प्रकाशाला दक्षिणकाशी. आमच्यापैकी कितीतरी कुटुंबे याच वाटेने आली. पाणी नदीतून आले, माणसे ताप्ती लाइनच्या गाडीतून आली. जळगाव, अमळनेर, नंदुरबार, मग निम्मे महाराष्ट्रात आणि निम्मे गुजरातेत असलेले नवापूर स्टेशन, व्यारा, बारडोली आणि उधना. सुरतेच्या पुलावरून आपण पाहतो ते बरेचसे पाणी आपल्या गावच्या शिवारात पडलेले असते.

याच खोऱ्यात, जळगावजवळच्या आसोद्याला, १८८० साली नागपंचमीला बहिणाबाई चौधरी जन्मल्या. त्या शाळेत गेल्या नाहीत. शेतात, जात्यावर, घरकामात त्यांना ओव्या सुचत आणि मुलगा सोपानदेव व घरातल्यांनी त्या लिहून घेतल्या. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या प्रयत्नाने 'बहिणाबाईची गाणी' प्रसिद्ध झाली. त्यांच्या कवितेत निसर्ग सहलीला गेल्यावर दिसतो तसा नाही. पेरणी, कापणी, मळणी, विहिरीवरची मोट, आखजीचा झोका आणि सुगरणीचा खोपा असा तो रोजच्या कामातून येतो. एवढ्याशा चोचीने पाखरू काय विणते, हे त्यांनी थांबून पाहिले होते. ज्याला मातीतून पोट भरायचे आहे त्याला माती फुकट मिळाल्यासारखी वागवता येत नाही. 'पर्यावरण' हा शब्द ज्यांनी कधी उच्चारला नाही, त्यांच्याकडे ती जाण पुरेपूर होती.

बोरीकाठच्या अमळनेरला साने गुरुजी शिक्षक होते. त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. त्यात 'मुकी फुले' नावाचे प्रकरण आहे. दुसऱ्यांच्या आधी आपल्याला फुले मिळावीत म्हणून मुले न उमललेल्या कळ्याच तोडून आणतात आणि आई श्यामला समजावते की हे बरे नाही. पूजा देवाची असली तरी कळीला उमलू द्यावे, ही शिकवण आपल्या पत्रीला आणि दूर्वांनाही लागू पडते. एकवीस पत्री हव्यात म्हणून बाजारातून ओरबाडलेल्या फांद्या आणताना ही आई आठवली पाहिजे.

काठाकाठाने आपण पुन्हा सुरतेला येतो. इथल्या मातीचा कवी म्हणजे नर्मद. १८३३ साली सुरतेतच जन्मलेला. तो चार वर्षांचा असताना, १८३७ साली, या शहराने आधी मोठी आग आणि मग तापीचा महापूर पाहिला. अर्वाचीन गुजराती कवितेत ऋतूंचे आणि वनांचे वर्णन नव्या रीतीने करणाऱ्यांत नर्मद अग्रणी होता आणि त्याच्या गुजरातगीतात नद्यांच्या नावांत तापीही आहे. आपली मुले आज त्याच्याच नावाच्या विद्यापीठात शिकतात.

आणि आपल्याला विशेष जवळचे नाव काका कालेलकरांचे. १८८५ साली साताऱ्याला जन्मलेला, मराठी मातृभाषेचा हा माणूस गुजरातेत आला आणि असे गुजराती लिहू लागला की गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटले. १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला तोही गुजराती पुस्तकासाठी. नद्यांना त्यांनी 'लोकमाता' म्हटले आणि पुढे 'जीवनलीला' या ग्रंथात देशभरच्या नद्या, धबधबे, सागर वर्णिले. 'जीवन' म्हणजे आयुष्य आणि 'जीवन' म्हणजे पाणीही, हा अर्थ त्या नावातच आहे. परप्रांतात राहून तिथली भाषा आणि तिथली नदी आपली कशी करावी, याचा धडा आम्हां सुरतकर मराठी माणसांना याहून चांगला कुठे मिळणार?

आता थोडे आमच्याविषयी. २००६ सालच्या जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते मारुती चितमपल्ली. आयुष्य जंगलखात्यात काढलेला, पक्षी आणि झाडांवर लिहिणारा लेखक मराठीने त्या आसनावर बसवला, याचा आम्हांला आनंद झाला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वरच्या खोऱ्यात अतोनात पाऊस झाला, उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला. गच्च्यांवर काढलेल्या त्या रात्री आपण कुणीच विसरलेलो नाही. पाणी उतरल्यावर खोल्यांत गुडघाभर गाळ होता. पुस्तके, लग्नाचे अल्बम, मुलांच्या वह्या सगळे एकाच रंगाचे झाले होते. तीन आठवड्यांच्या आत, २७ ऑगस्टला, गणेश चतुर्थी आली. आम्ही गाळ उपसून जागा केली आणि लहानशी मातीची मूर्ती बसवली. रोषणाई नव्हती, आरतीला मात्र सगळे होते.

त्या गाळात आम्हांला आणखी काही सापडले होते. प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोलचे तुकडे, मखराच्या पट्ट्या. महापुराचे कारण अर्थात आम्ही नव्हतो, पण नदीच्या पोटात आम्ही काय काय घातले होते ते तिने दारात आणून ठेवले. मोठमोठ्या प्लास्टरच्या मूर्ती वाजतगाजत तापीत सोडणाऱ्यांत आम्हीही होतो, हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. माती पाण्यात विरते. प्लास्टर तसे विरत नाही. दुसऱ्या दिवशी काठाला लागलेले ते हात-सोंडा पाहून मान फिरवणारेही आम्हीच. प्रेम होते, राखण नव्हती. संवरणाची बारा वर्षे आम्हीही अशीच काढली.

तेव्हा ज्येष्ठांच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे. पार्थिव गणेश म्हणजे मातीचा गणेश. माती मातीला मिळाली की विसर्जन पूर्ण झाले. ते पाणी हौदातले असो की घरच्या बादलीतले, पाणी जीवनच आहे. नदीत मूर्ती न सोडणे म्हणजे नदीशी नाते तोडणे, असे आम्हांला वाटत नाही. मोठ्या बहिणीच्या घरी जाताना आपण कचरा घेऊन जात नाही, एवढीच ती गोष्ट आहे.

यंदा आमच्या मंडळाची मूर्ती शाडूची आणि दोन फुटांची आहे. निर्माल्य वेगळे ठेवून त्याचे खत करायचे आणि ते पुढच्या वर्षीच्या दूर्वा-तुळशीच्या कुंड्यांना घालायचे ठरले आहे. पत्री जेवढी आपल्या अंगणात मिळेल तेवढीच. विसर्जनानंतर त्या मातीची मूठ ज्याला हवी त्याने घरी न्यावी आणि आषाढात तापीच्या जन्मदिवशी तिच्यात एक रोप लावावे, अशी आमची विनंती आहे. राजा नगरात परतला तेव्हा पाऊस आला होता. आपणही आपल्या कामावर परतू या.

गणपती बाप्पा मोरया!