पोचते ती रसद

चिंचोटी फाट्यावरून भिवंडीकडे वळलं की कामण येतं आणि तिथून अंजूरफाट्यापर्यंत गोदामांच्या पत्र्यांची सोबत सुटत नाही. कंटेनरच्या रांगेत अडकलेला माणूस या गोदामांना शिव्या घालतो, ते साहजिकच आहे. पण ‘गोदाम’ हा शब्द मोठा फिरस्ता. मलाय भाषेत कोठाराला ‘गुदांग’ म्हणतात. तोही मुळात तमिळ-तेलुगूकडून तिकडे गेला, असं अनेक अभ्यासक मानतात. पूर्वेकडच्या बंदरांत तो पोर्तुगीजांनी उचलला, ‘गुदांव’ केला, आणि इंग्रजांचा ‘गोडाउन’ त्यातून निघाला.

आपला जुना शब्द वखार. प्राकृतात ‘वक्खार’ सापडतो. सुरतेची वखार, राजापूरची वखार असं आपण इतिहासात वाचतो. आता मात्र वखार म्हटलं की लाकडं आठवतात आणि धान्य फार तर वखार महामंडळात जातं. बाकी सगळं गोदामाने गिळलं.

कामणच्या परिसरात पोर्तुगीजांच्या हातून आलेला ‘गोदाम’ शोभून दिसतो. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षं ती त्यांचा सातासमुद्रापारचा तळ होती. या भागातलं सागवान जहाजांसाठी जाई, वसईचा काळा दगड गोव्याच्या चर्चना जाई. कामणच्या डोक्यावर दोन हजार फुटांहून उंच कामणदुर्ग उभा आहे, खाडी आणि डोंगर दोन्हींवर नजर ठेवणारा. पोर्तुगीजांनी मराठीला पाव-बटाटा दिला हे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्यांच्या मुदपाकखान्यापेक्षा मला त्यांच्या भांडाराची देणगी मोठी वाटते: पिंप, घमेलं, काडतूस, पगार, लिलाव आणि खुद्द ‘आरमार’. तुरुंगही त्यांचाच! परमुलखात सैन्य पोसायला जे जे लागतं, त्याची यादीच आहे ही.

पण या सगळ्याचा प्राण असलेला शब्द फारसीतून आला: रसद. ‘रसीदन’ म्हणजे पोचणं. ‘रसद’ म्हणजे पोचते, ‘रसीद’ म्हणजे पोचली. धान्याची गोणी आणि दुकानदाराची पावती अशी सख्खी भावंडं. आपण ‘पोच द्या’ म्हणतो तेव्हा रसीदच मागत असतो. धान्य साठवलं की ते कोठार. पोचलं तरच रसद. मराठी फौजांना हा फरक पक्का माहीत होता, म्हणून ‘रसद तोडणे’ हा आपल्याकडे रूढ वाक्प्रचार झाला. आपली ‘छावणी’सुद्धा छावण्यातून, म्हणजे शाकारण्यातून आली: पावसाळ्यापुरतं छप्पर घालायचं, दसऱ्याला उठायचं. दगडी तटाच्या आड पिढ्यान् पिढ्या बसून राहायचं आणि खायचं समुद्रातून मागवायचं, ही रीत परक्यांची.

ती रीत इथेच मोडली. पोर्तुगीजांवर मोहीम काढावी म्हणून अंजूरच्या गंगाजी नाईकांनी पेशव्यांकडे पाठपुरावा केला आणि मार्च १७३७ मध्ये ठाणं पडलं. त्याच्याबरोबर साष्टी गेली. इथे शब्दाचा एक योग पाहा. साष्टी म्हणजे सहासष्ट गावं. अशा साष्टी दोन: एक ठाण्याची, एक गोव्याची, पोर्तुगीज दोन्हींना सालसेतच म्हणत. उत्तरेची साष्टी गेल्यावर वसईचा आधार गोवा. तर १७३९च्या आरंभी मराठ्यांचे सरदार व्यंकटराव घोरपडे गोव्याच्या साष्टीत घुसले! स्वतःच्याच दारात आग लागल्यावर गोवेकर वसईला काय पाठवणार? वसईच्या कप्तानाने मुंबईच्या इंग्रजांपुढे हात पसरले, तर त्यांनी चर्चची चांदी आणि पितळी तोफा तारण ठेवून पंधरा हजार रुपये कर्ज दिलं. मे १७३९ मध्ये वसई चिमाजी आप्पांच्या हाती आली. तट सुरुंगांनी फुटला हे खरं, आणि त्यासाठी माणसंही फार पडली. पण माझ्या मते वसईचा निकाल दोन्ही साष्टींत लागला होता. जहाजं होती, बंदर होतं. पोचत काही नव्हतं.

आज हाच खेळ अरबी समुद्राच्या पलीकडे चालू आहे. चीनने २०१७ साली जिबूतीत आपला पहिला परदेशी तळ उघडला, तर त्याला अधिकृत नाव पुरवठ्याचं दिलं, युद्धाचं नाही. २०१६ मध्ये भारताने अमेरिकेशी करार केला तोही एकमेकांच्या बंदरांत इंधन, अन्न आणि दुरुस्ती मिळावी म्हणून. मॉरिशसच्या आगालेगा बेटावर भारताने बांधलेली धावपट्टी आणि धक्का २०२४ मध्ये खुला झाला. तो लष्करी तळ नाही, असं मॉरिशस सांगतं. जिथे मराठी बोलणारी कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहिली, त्या देशाबद्दलची ही बातमी आपल्या वर्तमानपत्रांत आली तेव्हा जिकडेतिकडे ‘लॉजिस्टिक्स’. हिंदीवाल्यांनी ‘संभारिकी’ घडवली आहे; ती उचलायला काही मंडळी उत्सुक दिसतात.

संपादकांना एवढीच विनंती: ‘रसद’ लिहा. ‘रसद तळ’ म्हटलं की कामणच्या ट्रकवाल्यालाही कळेल आणि नौदलाच्या अधिकाऱ्यालाही.