लेजरच्या काळातली बँक

आपल्या सोसायटीत बँकेतून निवृत्त झालेले आम्ही पाच-सहा जण आहोत. संध्याकाळी एकत्र बसलो की गप्पा फिरून फिरून जुन्या शाखांवर येतात आणि तरुण मंडळी हसतात. स्मरणिका समितीने तेच लिहून द्या म्हटले, म्हणून हा लेख.

१९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. पुढच्या काही वर्षांत तालुक्याच्या गावीच नव्हे, मोठ्या खेड्यांतही शाखा निघाल्या आणि आमच्यासारख्या नुकत्याच बी.कॉम. झालेल्या मुलांना नोकऱ्या लागल्या. मी १९७३ साली नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी क्लार्क म्हणून रुजू झालो. जुन्या वाड्याच्या खालच्या मजल्यावर शाखा होती. घरच्यांना वाटायचं, मुलगा पंख्याखाली बसून नोटा मोजतो. प्रत्यक्षात नोटा कॅशियर मोजायचा. आम्ही दिवसभर लिहायचो.

खातेदाराने पैसे काढायची स्लिप दिली की त्याच्या हातात पितळी टोकन द्यायचं, जाडजूड लेजरमधून त्याचं पान काढायचं, नावे टाकून शिल्लक लिहायची. मग अधिकारी सही ताडून पाहणार, स्लिप कॅशियरकडे जाणार आणि तो टोकनचा नंबर पुकारणार. शंभर रुपये मिळायला अर्धा तास सहज जाई. लोक कुरकुर करत, पण तेवढ्या वेळात बाकावर सोयरिकीही जुळत!

खरी परीक्षा बॅलन्सिंगची. सेव्हिंगच्या प्रत्येक खात्याची शिल्लक पेन्सिलीने उतरवून बेरीज मारायची आणि ती जनरल लेजरच्या आकड्याशी पैशापर्यंत जुळली पाहिजे. जुळली नाही की फरक शोधणं आलं. त्याच्या युक्त्या आम्हाला जुन्या लोकांनी शिकवल्या. फरकाला नऊने भाग जात असेल, तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असावी. ६३ च्या जागी ३६ लिहिले तर फरक २७ येतो. फरकाच्या निम्मी रक्कम एखाद्या व्हाउचरवर दिसली, तर जमेची नोंद नावे पडली का ते बघायचं. सगळ्यात वाईट फरक एका पैशाचा. नवीन मुलं म्हणायची, एक पैसा खिशातून टाकू आणि घरी जाऊ. पण त्या एका पैशाच्या मागे एकमेकींना झाकणाऱ्या दोन मोठ्या चुका असू शकतात, म्हणून हेडक्लार्क कुणाला उठू देत नसत. जून आणि डिसेंबरच्या सहामाही क्लोजिंगला तर रात्री दहा-अकरा व्हायचे. बँकेतर्फे भजी आणि चहा मिळे. बायकोला ते कधीच खरं वाटलं नाही!

क्लोजिंगला सगळ्यात जास्त वेळ खाई ते व्याज. सेव्हिंग खात्यात महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक असेल, तिच्यावरच त्या महिन्याचं व्याज. म्हणजे अकरा तारखेला पैसे भरले, तर तो महिना फुकट. आमच्याकडे एक भाजीवाल्या मावशी होत्या. आठवड्याच्या बाजारानंतर पाच-दहा रुपये भरायच्या. दहा तारखेच्या आत भरत जा, असं सांगितलं की म्हणायच्या, "पैसं माझंच हायेत ना भाऊ? मग व्याज का न्हाई?" नियम आहे, एवढंच आम्ही सांगायचो. रोजच्या शिलकेवर हजारो खात्यांचं व्याज हाताने काढणं शक्यच नव्हतं, हे खरं कारण. बँकेच्या सोयीचा भार खातेदारावर पडत होता आणि त्यातही गरिबावर जास्त, असं मला तेव्हाही वाटे.

मग यंत्रांची चर्चा सुरू झाली. संगणक आला की नोकऱ्या जाणार, या भीतीने युनियनचा विरोध होता. गेटवरच्या घोषणांत मीही असायचो. १९८३ साली युनियन आणि बँकांमध्ये यंत्रांबाबत करार झाला, १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला आणि त्यानंतर हळूहळू लेजर पोस्टिंग मशीन शाखांत दिसू लागली. आमच्यापैकी कुणाचीही नोकरी गेली नाही. पण नव्वदच्या दशकात सरकारी बँकांची क्लार्कभरती आटली. फटका बसला तो आमच्या मुलांच्या वयाच्या पोरांना, आणि करारावर त्यांची सही नव्हती.

मशीनवर पहिल्यांदा बॅलन्सिंग काही मिनिटांत जुळलं, तेव्हा आमच्या हेडक्लार्कनी तीच बेरीज परत हाताने मारून पाहिली. जुळली. मग ते काही न बोलता डबा उघडून बसले.

दहा तारखेचा नियम मात्र यंत्रं आल्यानंतरही कितीतरी वर्षं तसाच राहिला. १ एप्रिल २०१० पासून सेव्हिंगचं व्याज रोजच्या शिलकेवर मिळू लागलं. मी तेव्हा निवृत्तीला टेकलो होतो आणि मावशींचं खातं त्याच्या कितीतरी आधी बंद झालं होतं.