खिल्लारांची पारख : सातारा-सांगली भागातील बैलगाडी शर्यतींविषयी एक विचार

शर्यत सुटण्यापूर्वीच तिचा निकाल वर्तविण्याची हौस सर्व समाजांत आढळते. इंग्लंडमध्ये या हौसेला कागदाचा आधार लवकर मिळाला. वेदरबी घराण्याच्या शर्यत-पंचांगातून 1773 पासून निकाल प्रसिद्ध होऊ लागले आणि 1791 मध्ये घोड्यांच्या वंशावळीचा ग्रंथ निघाला. कुंपणे व चर ओलांडून धावण्याच्या ज्या शर्यती, त्यांतील ‘ग्रँड नॅशनल’ ही 1839 पासून प्रसिद्धीस आली. तेथेही जाणकार घोड्याचा पूर्वेतिहास वाचूनच आपला अंदाज बांधतो. सातारा व सांगली जिल्ह्यांतील बैलगाडीच्या शर्यतींना असा कागद दीर्घकाळ नव्हता. मग येथील जाणकार विजयी बैल ओळखीत तो कशाच्या बळावर? ही पारख मुळात मैदानातली नसून बाजारातली व वाटचालीतली आहे, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

प्रथम प्रदेशाचा विचार करू. हे दोन जिल्हे आज निराळे असले तरी 1949 मध्ये ‘दक्षिण सातारा’ वेगळा होईपर्यंत त्यांचा बराच भाग एकाच जिल्ह्यात मोडत असे. ‘सांगली’ हे नाव 1960 मधले. आटपाडी महाल औंध संस्थानात होता. माण, खटाव, आटपाडी व जत हा सारा पट्टा पर्जन्यछायेतला. जमीन कठीण, चारा बेताचा आणि बाजारपेठा दूर. अशा मुलखात शरीराने आटोपशीर, खुराने टणक व चालीने चपळ असलेले जनावरच उपयोगी पडे. खिल्लार जात ती हीच. 1953 मध्ये जागतिक अन्न व शेती संघटनेने प्रसिद्ध केलेल्या जोशी व फिलिप्स यांच्या ग्रंथात आटपाडी महालातील ‘हणम’ आणि म्हसवडकडील खिल्लार हे तिचे दोन स्वतंत्र प्रकार मानले आहेत. गाईचे दूध थोडे. तेही बहुधा खोंडालाच पाजावयाचे, असा पशुपालकांचा रिवाज होता. म्हणजे निवडीची सुरुवात गोठ्यातच, वासराच्या तोंडी किती दूध लागते येथून होत असे.

या निवडीची खरी परीक्षा यात्रेच्या बाजारात होई. खरसुंडी येथील सिद्धनाथाची आणि पुसेगाव येथील सेवागिरी महाराजांची यात्रा जनावरांच्या खरेदी-विक्रीसाठी प्रसिद्ध आहे. गिऱ्हाईक प्रथम दात पाही. आदत, दुसा, चौसा व जुळलेला ही वयाची मोजणी बाजाराची; शर्यतीच्या मैदानातील गट पुढे याच नावांनी पडले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यानंतर लांबट चेहरा, मागे वळलेली निमुळती शिंगे, अंगाला घट्ट बसलेले कातडे, काळे व लहान खूर पाहून बैल चालवून बघितला जाई. भोवऱ्यांच्या शुभाशुभ लक्षणांवरही पुष्कळांचा विश्वास असे. या यादीतील लक्षणे एका तोलाची नाहीत. खूर, सांधे व चाल यांचा वेगाशी प्रत्यक्ष संबंध आहे; भोवऱ्याचा संबंध मालकाच्या दैवाशी जोडलेला आहे. तथापि उपरण्याखाली बोटे दाबून जो भाव ठरे, त्यात दोहोंचीही किंमत धरलेली असे.

मैदानात मात्र एकट्या बैलाची पारख पुरी पडत नाही. पुणे जिल्ह्याकडे घाटात एकेक गाडा स्वतंत्र सुटतो व निकाल वेळेवरून लागतो. सातारा-सांगलीकडे आखलेल्या चाकोऱ्यांतून अनेक गाड्या एकदम सुटतात; गटांतून निवडलेल्या गाड्यांची अखेरची फेरी होते. अशा शर्यतीत जोडीचा मेळ निर्णायक ठरतो. एखादा बैल डाव्या खांद्यालाच चांगला पळतो, एखादा उजव्या. एक अधिक वेगवान निघाला तर जू तिरके होऊन गाडी चाकोरी सोडते. म्हणून दुसऱ्याच्या बैलाशी ‘पैरा’ करून जोडी जुळविण्याची पद्धत आहे. हा शब्द शेतीतील परस्पर-साहाय्याचा आहे. सारांश, मैदानाची परिभाषा दात बाजाराकडून आणि जोडी शिवाराकडून घेते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ट्रॅक्टर व मालमोटार आल्या आणि हा सांधा निखळू लागला. पूर्वी शर्यत ही औताच्या व वाटचालीच्या बैलाची कसोटी होती. जिंकणारा बैल दुसऱ्या दिवशी नांगराला जुंपता येई. आता मैदानाखेरीज ज्याला काम नाही असा बैल पाळला जाऊ लागला. कसोटी होती तीच प्रयोजन बनली.

कायद्याचा वाद याच ठिकाणी उभा राहतो. 2011 मध्ये केंद्र सरकारने खेळासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती अवैध ठरविताना, बैलाची शरीररचना घोड्याप्रमाणे शर्यतीस योग्य नाही, असे मत नोंदविले. 2017 मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली. 16 डिसेंबर 2021 रोजी शर्यतींना सशर्त अनुमती मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. बंदीला विरोध करणारे खिल्लाराच्या रक्षणाचा मुद्दा पुढे करीत. समर्थक बैलाच्या वेदनेकडे बोट दाखवीत.

इतिहासाच्या अभ्यासकास या दोन्ही पक्षांना एक प्रश्न विचारता येतो. खिल्लार जात घडविली ती केवळ वेगाने नव्हे. भार, अंतर, दुष्काळ आणि सोबतच्या बैलाशी जुळवून घेण्याची वृत्ती या सर्वांनी मिळून ती घडविली. मैदान यांपैकी एकाच गुणाला बक्षीस देते. तेव्हा शर्यतीने जात टिकली तरी टिकेल ती हीच जात असेल काय? आणि जो बैल आसूड व टोचणी यांवाचून पळत नाही, त्याला जुनी पारख ‘चांगला’ म्हणाली असती काय? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अवघड नाही. बाजारात बैल चालवून पाहताना गिऱ्हाईक त्याचा स्वतःचा पाय पाहत असे, हाकणाऱ्याचा हात नव्हे. कायद्याने घातलेली क्रूरतेची मनाई आणि माणदेशातील पारख्याची ही जुनी दृष्टी यांत विरोध नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र येत्या काही पिढ्यांतील खोंडांकडूनच मिळावयाचे आहे. त्यासाठी आज हयात असलेल्या वृद्ध पशुपालकांची पारख शब्दशः टिपून ठेवणे हे आपल्या विद्यार्थ्यांचे निकडीचे काम होय.