गर्दीचे लेखन : ब्रिटिश फुटबॉल फॅनझीन आणि पाठीराख्यांची संस्कृती (१९७२–१९९२)

१९६४ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ या वृत्तकार्यक्रमाने लिव्हरपूल क्लबच्या ॲनफील्ड मैदानावरील ‘कॉप’ नावाच्या टेरेसचे चित्रण केले. टेरेस या शब्दाने मराठी वाचकाच्या मनात गच्ची उभी राहते. येथे मात्र त्याचा अर्थ खुर्च्या नसलेला, उभ्याने सामना पाहण्यासाठी बांधलेला सिमेंटच्या पायऱ्यांचा उतार असा आहे. हजारो माणसे एका तालात डोलत लोकप्रिय गाणी गात असल्याचे ते दृश्य आजही वारंवार दाखवले जाते. निवेदकाने या जमावाच्या संस्कृतीची तुलना दक्षिण समुद्रातील बेटांवरच्या आदिम संस्कृतीशी केली होती. त्या तुलनेत कौतुक होते, पण कौतुक करणारा किनाऱ्यावर उभा होता.

पुढील दोन दशकांत फुटबॉलच्या गर्दीविषयी अमाप लिहिले गेले. वृत्तपत्रांनी तिला गुंडांची टोळी ठरवले, समाजशास्त्रज्ञांनी तिच्या हिंसेची कारणे शोधली, पोलिसांनी ती लोखंडी जाळ्यांमागे कोंडली. या वर्णनांत मतभेद पुष्कळ असले तरी एक गृहीत समान होते : गर्दी गाते, ओरडते, प्रसंगी मारामारी करते; ती लिहीत नाही. फॅनझीन या प्रकाराचे ऐतिहासिक महत्त्व या गृहीताला त्याने दिलेल्या छेदात आहे. फुटबॉलविषयी नवी मते मांडली गेली ही त्यामानाने दुय्यम बाब होय. गर्दीतून लेखक निर्माण झाला, आणि त्याचा पहिला वाचकही त्याच गर्दीत उभा होता, ही मुख्य घटना आहे.

‘फॅनझीन’ ही संज्ञा फुटबॉलची नव्हे. १९४० मध्ये अमेरिकेतील विज्ञानकथांच्या चाहतावर्गात रस शोव्हने यांनी ती घडवली. ब्रिटनमध्ये १९७६ साली मार्क पेरी यांच्या ‘स्निफिन ग्लू’ने पंक संगीताच्या निमित्ताने तिला नवे वळण दिले : टंकलेखन यंत्र, कात्री, डिंक आणि झेरॉक्स एवढ्या सामग्रीवर कोणालाही प्रकाशक होता येते, हा धडा त्या अंकांनी घालून दिला. फुटबॉलच्या बाजूने पाहता ‘फाउल’ हे नियतकालिक (१९७२–७६) त्याहीआधीचे. केंब्रिजमधील विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या या पत्राचा सूर विद्यापीठीय उपहासपत्रांशी नाते सांगणारा होता. ते टेरेसविषयी सहानुभूतीने लिहीत असले तरी पूर्णतः टेरेसचे नव्हते. १९८१ मध्ये यॉर्क सिटीच्या पाठीराख्यांचे ‘टेरेस टॉक’ आणि लिव्हरपूलमध्ये संगीत, पेहराव व फुटबॉल यांची सरमिसळ करणारे ‘द एंड’ निघाले. नोव्हेंबर १९८४ मध्ये ब्रॅडफर्ड सिटीचे ‘द सिटी जेंट’ आले, आणि मार्च १९८६ मध्ये माइक टिचर यांनी ‘व्हेन सॅटर्डे कम्स’चा पहिला अंक काढला. तेही मूळचे एका संगीतविषयक फॅनझीनचे उपांग होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

या तारखा बारकाईने पाहणे आवश्यक आहे, कारण फॅनझीन चळवळीचा जन्म १९८५ च्या दुर्घटनांतून झाला असे सरसकट विधान केले जाते. त्या वर्षी ११ मे रोजी ब्रॅडफर्डच्या लाकडी स्टँडला आग लागून ५६ माणसे दगावली; २९ मे रोजी ब्रसेल्सच्या हेझेल मैदानावर लिव्हरपूल व युव्हेंटस यांच्यातील अंतिम सामन्यापूर्वी ३९ जणांचा मृत्यू झाला. ब्रॅडफर्डच्या आगीनंतर ‘संडे टाइम्स’च्या अग्रलेखाने फुटबॉल हा गलिच्छ वस्तीतील मैदानांवर खेळला जाणारा, गलिच्छ वस्तीतल्या लोकांनी पाहायचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. ज्या गावात लोक जळून मेले त्याच गावात ‘द सिटी जेंट’ सहा महिने आधीपासून निघत होते. दुर्घटनांनी फॅनझीन जन्माला घातले नाही. त्यांनी त्याला निकड दिली, विरोधक दिला आणि वाचकवर्ग दिला. हेझेलनंतर लिव्हरपूल येथे स्थापन झालेली ‘फुटबॉल सपोर्टर्स असोसिएशन’ आणि दशकाअखेरीस शेकड्यांच्या घरात गेलेली फॅनझीनांची संख्या यांचे स्पष्टीकरण त्या निकडीत मिळते.

वाङ्मयप्रकार म्हणून फॅनझीनचे मूळ विडंबनात आहे, आणि विडंबनाची संहिता ठरलेली होती : क्लबतर्फे प्रत्येक सामन्याला विकली जाणारी अधिकृत सामनापत्रिका. अध्यक्षांचे मनोगत, व्यवस्थापकाचा आशावाद, खेळाडूच्या आवडत्या पदार्थांची यादी, स्थानिक गॅरेजची जाहिरात या ठरीव साच्यात संघ कितीही हरला तरी सारे आलबेल असे. फॅनझीनने हाच साचा उचलला आणि त्यात उलटा मजकूर भरला. सेल्टिक क्लबचे अधिकृत साप्ताहिक ‘द सेल्टिक व्ह्यू’. १९८७ मध्ये निघालेल्या फॅनझीनचे नाव ‘नॉट द व्ह्यू’. एका नकारात सारी भूमिका आली. इतर नावे अधिक आडवळणाची आहेत. मिडल्सबरोच्या ‘फ्लाय मी टू द मून’मागे व्यवस्थापक ब्रूस रिऑक यांचे एक विधान आहे : चंद्रावर जायची वेळ आली तर शेजारी टोनी मोब्रे हा बचावपटू असावा, अशा आशयाचे. संडरलंडचे ‘अ लव्ह सुप्रीम’ जॉन कोल्ट्रेन यांच्या जॅझ ध्वनिमुद्रिकेचे नाव घेते. स्टोक सिटीचे ‘द ओटकेक’ त्या परिसरातील ओटच्या पिठाच्या, घावनासारख्या पदार्थावरून येते. मँचेस्टर सिटीच्या पाठीराख्यांनी ‘किंग ऑफ द किपॅक्स’मध्ये आपल्या टेरेसचेच नाव घातले. जॅझ आणि न्याहारी एकाच विक्रेत्याच्या पिशवीत शेजारी असू शकतात, ही या संस्कृतीची खरी ओळख. तिला केवळ श्रमिकवर्गीय म्हणणे जितके अपुरे, तितकेच ती शिकलेल्या तरुणांची हौस होती असे म्हणणेही अपुरे.

टेरेसवरील घोषगीते आणि फॅनझीन यांच्यातील फरक तुलनाकारांना विशेष उद्‌बोधक वाटावा. घोषगीत क्षणात रचले जाते आणि क्षणात हजारोंच्या तोंडी होते. त्याला कर्ता नसतो. पण त्याला तत्काळ होकार लागतो. जे सर्वांना एकदम म्हणता येते तेच गीत टिकते. शंका, अपवाद, आकडेवारी, ‘पण’ आणि ‘तरीही’ यांना तेथे जागा नसते. फॅनझीनमधील गद्याने नेमकी ही जागा भरून काढली. पराभूत संघाच्या पाठीराख्याची स्वतःवरच हसण्याची वृत्ती, आपल्याच संघाविषयीचा राग आणि तरीही पुढच्या शनिवारी हजर राहण्याची अटळता, हा गुंता गाण्यात मावणारा नव्हता.

हे अंक सामन्याआधीच्या तासाभरात मैदानाबाहेरच्या पदपथावर विकले जात. विक्रेता बहुधा संपादकच असे. गेल्या अंकातील लेख आवडला नाही तर वाचक तो समोरासमोर सांगे, आणि पुढच्या अंकात पत्रलेखक म्हणून, त्यापुढे लेखक म्हणून दाखल होई. वेळापत्रक पैशांवर आणि संपादकाच्या नोकरीवर अवलंबून असे. मराठी वाचकाला येथे साठोत्तरी अनियतकालिकांची आठवण होणे स्वाभाविक आहे. प्रस्थापित छपाईला वळसा घालण्याची जिद्द, अल्पायुष्य आणि संपादकाच्या खिशाला बसणारी चाट या बाबी दोन्हीकडे सारख्या आहेत. साम्य तेवढ्यावरच थांबते. अनियतकालिकांनी रूढ वाङ्मयीन अभिरुचीशी भांडण मांडले. फॅनझीनच्या लेखकाला वाङ्मयाशी कर्तव्यच नव्हते, त्याला आपले मैदान हवे होते. गावोगावच्या या सुट्या प्रयत्नांना ‘व्हेन सॅटर्डे कम्स’मधील पत्त्यांच्या याद्यांनी आणि लंडनच्या चॅरिंग क्रॉस रोडवरील ‘स्पोर्ट्सपेजेस’ या १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुकानाने एकमेकांशी जोडले. टपालाने प्रतिस्पर्ध्याचे फॅनझीन मागवणारा पाठीराखा ही नवीच जात होती.

या चित्राला गडद बाजूही आहे. मैदानाबाहेर कागद विकण्याचे तंत्र फॅनझीनच्या आधी वर्णद्वेष्ट्यांनी आत्मसात केले होते. नॅशनल फ्रंटच्या युवा शाखेचे ‘बुलडॉग’ टेरेसवरील तरुणांपर्यंत अशाच मार्गाने पोहोचत असे. लीड्समध्ये त्याच पदपथावर ‘मार्चिंग ऑलटुगेदर’ हे वर्णद्वेषविरोधी पत्र उभे राहिले, तेव्हा लढाई जागेचीही होती. शिवाय अनेक फॅनझीनांचा विनोद मुलांच्या वसतिगृहाच्या पातळीवर राहिला. स्त्री-पाठीराखी त्यांत लेखिका म्हणून क्वचितच भेटते. चळवळीचे गोडवे गाणारे हे सोयीस्करपणे विसरतात.

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे पाठीराखे जाळ्यांमागे चिरडले गेले. मृतांची संख्या आज ९७ मोजली जाते. चारच दिवसांनी ‘द सन’ने पोलिसांच्या बाजूचे आरोप सत्य म्हणून पहिल्या पानावर छापले. न्यायमूर्ती टेलर यांच्या ऑगस्ट १९८९ च्या अंतरिम अहवालाने पोलीस नियंत्रणातील अपयश हे मुख्य कारण ठरवले, तरी आरोपांचा डाग दशकानुदशके राहिला. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने दाखवून दिले की पोलिसांच्या १६४ जबान्यांत लक्षणीय फेरफार करण्यात आले होते आणि त्यांपैकी ११६ जबान्यांतून पोलीस दलाला अडचणीचा मजकूर काढून टाकला गेला होता. २०१६ च्या न्यायचौकशीत ज्युरींनी हे मृत्यू बेकायदा वधाचे ठरवले आणि पाठीराख्यांना दोषमुक्त केले. संहितेच्या अभ्यासकाला येथे एक उलटापालट दिसेल. राज्ययंत्रणेची कागदपत्रे शुद्धलेखनात चोख आणि आशयात संपादित. फॅनझीनची पाने मुद्रणदोषांनी भरलेली, पण जाळ्या जीव घेतील आणि गर्दीला गुरांसारखे वागवले जात आहे हे दुर्घटनेपूर्वीच सांगणारी. प्रत्येक प्रेक्षकाला ओळखपत्र सक्तीचे करू पाहणारा १९८९ चा कायदा याच काळातला. फॅनझीनांनी त्याविरुद्ध लेखणी चालवली. योजना गुंडाळली गेली ती मात्र जानेवारी १९९० मध्ये टेलर यांच्या अंतिम अहवालाने तिला प्रतिकूल मत दिल्यानंतर. श्रेय वाटताना हा क्रम विसरू नये.

फॅनझीन प्रत्यक्षात काय घडवू शकते हे पाहायचे तर आग्नेय लंडनकडे वळले पाहिजे. चार्ल्टन ॲथलेटिक हा क्लब १९१९ पासून ‘द व्हॅली’ या मैदानावर खेळत होता. १९३८ मध्ये तेथे एका सामन्याला ७५,०३१ प्रेक्षक होते. १९८५ पर्यंत क्लब कर्जबाजारी झाला होता, जमिनीची मालकी माजी अध्यक्षांकडे राहिली होती आणि प्रचंड पूर्व टेरेस सुरक्षेच्या कारणाने बंद होता. सप्टेंबरात सामन्याला आलेल्या प्रेक्षकांच्या हाती दारातच एक पत्रक पडले : क्लब यापुढे क्रिस्टल पॅलेसच्या सेलहर्स्ट पार्कवर खेळेल. २१ सप्टेंबरला स्टोक सिटीविरुद्धचा सामना झाला आणि मैदानात तण माजू लागले. विशेष म्हणजे पुढच्याच उन्हाळ्यात संघाने वरच्या श्रेणीत प्रवेश मिळवला. खेळ उंचावला आणि घर गेले. या विसंगतीवर घोषगीत रचणे कठीण होते.

१९८८ मध्ये रिक एव्हरिट यांनी ‘व्हॉइस ऑफ द व्हॅली’ सुरू केले. विनोद त्यातही होता, परंतु त्याचे बळ वेगळ्या जातीचे होते. जमिनीचे व्यवहार, नियोजनाचे अर्ज, सभांचे वृत्तान्त अशी रुक्ष कागदपत्रे त्याने टेरेसच्या भाषेत उतरवली. मराठीत ज्याला ‘सातबारा वाचणे’ म्हणतात, ते काम फुटबॉलच्या गर्दीने प्रथमच अंगावर घेतले. १९८९ च्या वसंतात क्लबच्या नव्या चालकांनी परतीचा निर्णय जाहीर केला आणि एप्रिलमध्ये पाठीराख्यांनी स्वतः येऊन मैदानावरची झुडपे तोडून जाळली. जानेवारी १९९० मध्ये ग्रिनिच बरो कौन्सिलने नव्या बांधकामाचा आराखडा फेटाळला.

यावर जे घडले त्याला ब्रिटिश फुटबॉलच्या इतिहासात तोड नाही. पाठीराख्यांनी ‘व्हॅली पार्टी’ नावाचा पक्ष काढून ३ मे १९९० च्या स्थानिक निवडणुकीत ६० उमेदवार उभे केले. जाहिरात व्यवसायातल्या एका पाठीराख्याने तयार केलेली भित्तिपत्रके बरोभर झळकली. पक्षाला १४,८३८ मते, म्हणजे सुमारे अकरा टक्के, मिळाली. निवडून कोणीही आले नाही. पण नियोजन समितीच्या अध्यक्षांनी आपली जागा गमावली आणि १९९१ मध्ये कौन्सिलने परवानगी दिली. ज्या गर्दीला ओळखपत्र देऊन मोजण्याची भाषा सरकार करीत होते, ती गर्दी मतपत्रिकेवर मोजली गेली.

५ डिसेंबर १९९२ रोजी चार्ल्टनने व्हॅलीवर पोर्ट्‌समथला १–० असे हरवले. गोल कॉलिन वॉल्श यांचा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रीमियर लीग सुरू झाली होती, आणि निक हॉर्नबी यांच्या ‘फीव्हर पिच’ने पाठीराख्याचे आत्मकथन पुस्तकांच्या दुकानात आणले होते. टेलर अहवालानुसार वरच्या श्रेणींतील मैदानांतून उभ्याने सामना पाहण्याची सोय हद्दपार होत होती. फॅनझीनचा उपहासगर्भ सूर लवकरच वृत्तपत्रांच्या क्रीडापानांवर आणि दूरचित्रवाणीवर सर्रास ऐकू येऊ लागला. व्हॅलीचा पूर्व टेरेस मात्र परतीच्या दिवशीही बंद होता. त्याच्या जागी १९९४ मध्ये खुर्च्यांचा स्टँड उभा राहिला.