शहानूरच्या काठचा तह : सुर्जी अंजनगाव, ३० डिसेंबर १८०३

१/
स्पर्धापरीक्षांच्या कित्येक हिंदी पुस्तकांत 'सुर्जी-अर्जुनगाव' अशा नावाचा एक तह आढळतो. हे नाव चुकीचे आहे. गावाचे खरे नाव सुर्जी अंजनगाव. अमरावती जिल्ह्यातील, अचलपूरच्या नैर्ऋत्येस वसलेले हे तालुक्याचे ठिकाण. दिल्लीच्या बादशाहीवरील मराठ्यांचा अधिकार ज्या कागदाने कायमचा संपला, त्या कागदावर याच गावी सह्या झाल्या. गावाचे नाव जगभरच्या ग्रंथांत गेले. मात्र या गावाच्या मालकीचा निकाल या तहात लागलाच नाही. तो तेरा दिवस आधी, दुसऱ्याच ठिकाणी लागला होता. त्या हिवाळ्याची ही कहाणी.

२/
प्रथम गाव पाहू. शहानूर नदी सातपुड्यातील गाविलगडच्या डोंगरांतून उतरते आणि पुढे पूर्णेला मिळते. तिच्या काठांवर अंजनगाव आणि सुर्जी या दोन वस्त्या वाढल्या. इंग्रजी दप्तराने दोन्ही नावे जोडून लिहिली आणि तीच जोडी इतिहासात रूढ झाली. काळी कसदार जमीन, कापूस, पानमळे आणि सुर्जीचा देवनाथ मठ ही या परिसराची ओळख. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला पूर्णेचे सपाट खोरे. फौजेला हिवाळी तळ द्यायला पाणी, चारा आणि मोकळे मैदान असलेली ही जागा होती.

३/
या तहाची मुळे वसईत आहेत. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. यशवंतराव होळकराने पुण्याजवळ पेशवा आणि शिंदे यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केल्यामुळे पेशवा इंग्रजांच्या आश्रयाला गेला होता. मराठी राज्याचा प्रमुखच कंपनीच्या संरक्षणाखाली गेल्यावर दौलतराव शिंदे आणि नागपूरकर दुसरे रघूजी भोसले यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला : हा तह मानायचा की मोडायचा? दोघांच्या फौजा निजामाच्या सरहद्दीजवळ एकत्र आल्या. होळकर मात्र अलिप्त राहिला.

४/
ऑगस्ट १८०३ मध्ये युद्ध पेटले. दक्षिणेत इंग्रज फौजेचा सेनापती होता मेजर जनरल आर्थर वेलस्ली, गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीचा धाकटा भाऊ. युद्धाबरोबरच वाटाघाटींचे अधिकारही त्यालाच दिलेले होते. १२ ऑगस्टला अहमदनगरचा किल्ला पडला. त्याच महिन्याच्या अखेरीस गुजरातेत भडोच गेले. गोदावरी ओलांडून पुढे सरकायचा मार्ग इंग्रजांना मोकळा झाला.

५/
२३ सप्टेंबरला केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असईची लढाई झाली. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर गावे दिसताच वेलस्लीने ताडले की मध्ये उतार असलाच पाहिजे. त्या उताराने त्याने फौज पलीकडे नेली. शिंद्यांच्या तोफखान्याने इंग्रज फौजेची भीषण हानी केली. मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून हा आकडा दीड हजारांवर गेला. वेलस्ली जिंकला खरा, पण पुढे वॉटर्लू जिंकल्यावरही त्याने असईलाच आपली सर्वोत्तम लढाई मानले.

६/
उत्तरेत परिस्थिती याहून बिकट होती. महादजी शिंद्यांनी डी बॉयनकडून उभारलेल्या कवायती पलटणी आता पेराँ या फ्रेंच सेनानीच्या हाती होत्या आणि ऐन युद्धात पेराँ नोकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. जनरल लेकने सप्टेंबरमध्ये अलीगढ आणि दिल्ली, ऑक्टोबरमध्ये आग्रा घेतले. १ नोव्हेंबरला लासवारी येथे शिंद्यांच्या उरल्यासुरल्या पलटणी शर्थीने लढल्या आणि नष्ट झाल्या. ऑक्टोबरमध्येच बऱ्हाणपूर आणि असीरगडही गेले. दौलतरावाकडे तह करण्यावाचून फारसा मार्ग उरला नाही.

७/
२३ नोव्हेंबरला शिंद्यांच्या वकिलांनी वेलस्लीशी तात्पुरता युद्धविराम केला. अट अशी की शिंद्यांच्या फौजेने अचलपूरच्या पूर्वेस वीस कोसांवर जावे. भोसल्यांना मात्र हा विराम लागू नव्हता. शिंद्यांची फौज भोसल्यांच्या फौजेजवळच राहिली. अट पाळली गेली नाही, म्हणून विरामही बंधनकारक नाही, असा अर्थ वेलस्लीने लावला. शिंद्यांच्या वकिलांनी लढाई टाळण्याची विनंती केली, पण ती व्यर्थ ठरली.

८/
२९ नोव्हेंबरला दुपार कलल्यावर आजच्या अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्यातल्या अडगावजवळ लढाई जुंपली. इंग्रजी ग्रंथांतले 'अरगाव' ते हेच. पहिल्या तोफा धडाडताच असईला अढळ राहिलेल्या काही देशी पलटणी इथे बिथरून मागे फिरल्या. वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्यांना पुन्हा रांगेत उभे केले. भोसल्यांच्या फौजेचे नेतृत्व रघूजींचे बंधू व्यंकोजी करत होते. सूर्यास्तापर्यंत निकाल लागला आणि पाठलाग चांदण्यात चालू राहिला.

९/
आता उरला गाविलगड. मेळघाटातील हा किल्ला दक्षिणेकडून चढायला जवळजवळ अशक्य. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने डोंगर-जंगलांतून वाट काढत तोफा उत्तरेकडे ओढून नेल्या. १५ डिसेंबरला बाहेरच्या कोटाला खिंडार पडले. आतल्या कोटावर कॅप्टन कॅम्बेलच्या तुकडीने शिड्या लावल्या आणि दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंह लढताना पडला. किल्ला हातातून जाताच नागपूरकरांचे बळ संपले.

१०/
दोनच दिवसांनी, १७ डिसेंबर १८०३ रोजी, देवगावचा तह झाला. भोसल्यांनी कटक आणि बालेश्वरसह ओडिशाचा किनारी मुलूख कंपनीला दिला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा प्रदेशही सोडला; तो कंपनीच्या मित्राच्या, म्हणजे निजामाच्या, पदरात पडला. गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले व त्यांभोवतीचा चार लाखांचा मुलूख तेवढा भोसल्यांकडे राहिला. वऱ्हाडात निजाम आणि भोसले दोघेही वसूल घेत, ती 'दुअंमल' व्यवस्था संपली. अंजनगाव ज्या वऱ्हाडात आहे, त्याचे भवितव्य असे ठरले.

११/
त्यानंतर शिंद्यांशी बोलणी सुरू झाली ती सुर्जी अंजनगावच्या इंग्रज तळावर. शिंद्यांचे वकील होते विठ्ठलपंत, मुनशी कमलनयन, यशवंतराव घोरपडे आणि नारो हरी. वयोवृद्ध विठ्ठलपंतांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नसे. पत्त्यांच्या 'ब्रॅग' या डावाला हा चेहरा फार शोभेल, असे जॉन मॅल्कमला वाटले आणि इंग्रज तळावर त्यांचे नावच 'ओल्ड ब्रॅग' पडले. पुढे कोणी फ्रान्सच्या तालेराँविषयी विचारले, तेव्हा वेलस्लीने त्याची तुलना विठ्ठलपंतांशी केली, आणि हुशारीत तालेराँलाच उणा ठरवले, अशी आठवण मॅल्कमच्या चरित्रात नोंदलेली आहे. पराभूत पक्षाच्या वकिलाला याहून मोठी पावती क्वचितच मिळाली असेल.

१२/
३० डिसेंबर १८०३. वसईच्या तहाला वर्ष पुरे व्हायला एक दिवस उरला होता. अंजनगावच्या तहाने शिंद्यांनी गंगा-यमुनेच्या दुआबातील सर्व मुलूख सोडला. जयपूर, जोधपूर आणि गोहद यांच्या उत्तरेचे किल्ले व हक्क सोडले. भडोच आणि अहमदनगर हे किल्ले त्यांच्या मुलखासह गेले. अजिंठ्याच्या डोंगरांपासून दक्षिणेस गोदावरीपर्यंतचा प्रदेशही गेला. इंग्रजांशी युद्धात असलेल्या कोणत्याही राष्ट्राचा माणूस, फ्रेंच तर नाहीच, कंपनीच्या संमतीविना नोकरीत ठेवायचा नाही, हेही मान्य करावे लागले.

१३/
सर्वांत जड कलम बादशहाविषयीचे होते. १७८४ मध्ये महादजी शिंद्यांनी बादशाहीची मुखत्यारी मिळवली होती आणि दिल्लीचा कारभार त्यांच्या हातात आला होता. अंध शाहआलम आता लेकच्या ताब्यातील दिल्लीत होता. अंजनगावात दौलतरावाने बादशहावरील सर्व हक्क सोडले आणि त्याच्या कारभारात यापुढे हस्तक्षेप न करण्याचे वचन दिले. महादजींनी आयुष्यभर खपून जे मिळवले, ते त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांच्या आत संपले.

१४/
विठ्ठलपंतांनी काय वाचवले, तेही पाहिले पाहिजे. असीरगड, बऱ्हाणपूर, पावागड आणि दोहद परत मिळाले. श्रीगोंदे, जामगाव अशी दख्खनमधील जुनी गावे शिंद्यांकडे राहिली, पण तिथे फौज न्यायची नाही या अटीवर. महादजींची कन्या बाळाबाई हिच्या जहागिरीला संरक्षण मिळाले. जहागिरी राखलेल्यांच्या त्याच यादीत मुनशी कमलनयन यांचेही नाव होते. तह करणाऱ्याचे नाव तहाच्या लाभार्थ्यांतही असावे, हे त्या काळच्या मुत्सद्देगिरीला वावगे वाटत नसे.

१५/
खरी मेख नवव्या कलमात होती. शिंद्यांच्या ज्या मांडलिकांशी कंपनीने वेगळे करार केले, ते शिंद्यांना मान्य करावे लागणार होते. पण कोणाशी काय करार झाले, याची यादी तह मंजूर होताना द्यायची होती! लेक उत्तरेत, वेलस्ली वऱ्हाडात, गव्हर्नर जनरल कलकत्त्यात. पत्र पोचायला कित्येक दिवस लागत. आपण नेमके काय सोडत आहोत याची पूर्ण कल्पना सह्या करणाऱ्या दोन्ही पक्षांना नव्हती.

१६/
लवकरच वाद पेटला तो ग्वाल्हेरवरून. हा किल्ला आपलाच राहिला, असे शिंदे समजत होते. कंपनीने मात्र गोहदचा राणा हा स्वतंत्र राजा मानून मुलूख त्याचा ठरवला आणि फेब्रुवारी १८०४ मध्ये किल्ला जिंकून घेतला. इथे आर्थर वेलस्लीने आपल्याच भावाच्या धोरणाविरुद्ध मत दिले. वचनाला जागणारे म्हणून असलेली पत राखण्यासाठी ग्वाल्हेर दहादा सोडावे लागले तरी चालेल, अशा आशयाचे पत्र त्याने मॅल्कमला लिहिले. ते ऐकले गेले नाही.

१७/
त्याच फेब्रुवारीत, हिवाळा सरताना, तापीकाठच्या बऱ्हाणपुरात मॅल्कमने शिंद्यांशी आणखी एक, संरक्षणाचा तह केला (२७ फेब्रुवारी १८०४). तरीही ग्वाल्हेरचा सल राहिलाच. अखेर होळकराशी युद्ध करून दमलेल्या कंपनीने नोव्हेंबर १८०५ मध्ये मुस्तफापूरच्या तहाने ग्वाल्हेर आणि गोहद शिंद्यांना परत दिले. चंबळ ही सीमा ठरली. त्या तहावर शिंद्यांच्या वतीने सही होती मुनशी कमलनयन यांची. पुढे ग्वाल्हेर ही शिंद्यांची राजधानी झाली.

१८/
आता एक दूरचे चित्र. मार्च १८०९. हेलसिंकीच्या पूर्वेस असलेले पोर्वो हे फिनलंडमधील छोटे नदीकाठचे शहर. तिकडे मार्चमध्येही हिवाळा सरलेला नसतो. स्वीडनकडून फिनलंड जिंकत असलेला रशियाचा सम्राट पहिला अलेक्झांडर त्या शहरी आला. सरदार, धर्मगुरू, नागरिक आणि शेतकरी या चारही वर्गांचे प्रतिनिधी बोलावले गेले. पोर्वोच्या कॅथेड्रलमध्ये त्यांनी निष्ठेची शपथ घेतली आणि देशाचा धर्म व कायदे राखण्याचे वचन सम्राटाने दिले. स्वीडनने फिनलंड रीतसर सोडले ते त्यानंतर, सप्टेंबरमध्ये.

१९/
दोन्ही गावे लहान, दोन्ही नदीकाठची. दोन्हीकडे हिवाळ्यात परकी सत्ता आली आणि मुलखाचा धनी बदलला. फरक एवढाच, पण तो फार मोठा : पोर्वोत जिंकणाऱ्याने निदान शेतकऱ्यांच्या प्रतिनिधींनाही समोर बसवून शब्द दिला. फिनलंडने पुढे शतकभर त्या शब्दावर बोट ठेवून आपले कायदे राखण्याचा झगडा केला. वऱ्हाडात देशमुख-देशपांड्यांना, पाटील-कुळकर्ण्यांना, कुणब्यांना कोणी विचारले नाही. बोट ठेवायला त्यांच्याजवळ एक ओळही नव्हती.

२०/
वऱ्हाडाच्या वाट्याला काय आले? फौजांनी तुडवलेली शेते आणि १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ. मग निजामाचा अंमल. १८५३ मध्ये निजामाच्या कर्जापोटी हा प्रांत कंपनीच्या कारभाराखाली. १९०२ मध्ये कायमचा पट्टा. मग मध्यप्रांत आणि वऱ्हाड. १९५६ मध्ये मुंबई राज्य आणि १९६० मध्ये महाराष्ट्र. दीडशेहून अधिक वर्षे या भूमीचे कागद कधी देवगावात, कधी हैदराबादेत, कधी कलकत्त्यात लिहिले गेले.

२१/
वेलस्ली १८०५ मध्ये मायदेशी परतला, १८०७ मध्ये डेन्मार्कच्या मोहिमेत लढला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूचा विजेता ठरला. विठ्ठलपंतांचे नाव मराठी वाचकाला क्वचितच ठाऊक असते. अंजनगावचे नाव तर परीक्षेच्या पुस्तकांतही चुकीचे छापले जाते. म्हणून पुढच्या वेळी 'सुर्जी-अर्जुनगाव' दिसले की तिथे पेन्सिलीने 'अंजनगाव' लिहावे. दिल्लीचा निकाल ज्या शहानूरकाठी लागला, त्या गावाचे निदान नाव तरी त्याचे त्याला परत मिळावे.