बहात्तरच्या खडी केंद्राची खाण

आमच्या माळावरच्या जुन्या दगडखाणीला गावात अजून 'केंद्र' म्हणतात. शाळेतल्या पोरांना वाटतं तिथं पूर्वी दूध केंद्र असेल. ते नाव खडी केंद्राचं आहे, १९७२ च्या दुष्काळातलं. सध्या शहराकडचा कचरा आणून ही खाण बुजवायची चर्चा चालू आहे, म्हणून तिचा इतिहास एकदा लिहून ठेवतो.

दुष्काळाच्या आधी तिथं वडार मंडळी दगड काढायची. पहार, घण, छिन्नी आणि थोडी सुरुंगाची दारू, एवढ्यावर काम. विहिरींचं बांधकाम, घरांची जोती, जाती-पाटे, सगळा दगड तिथला. दगडाला जिथं मुळात चीर असते तिथंच पहार लागते. त्यामुळं खाण पायऱ्यापायऱ्यांनी, वाकडीतिकडी खाली गेली. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

मग बहात्तर आलं. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध आणि खडी फोडणं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बाया सांगतात, उन्हात रांगेनं बसायचं, हातोडीनं खडी फोडायची, ढीग मोजून पैसे, आणि पोराबाळांना सुकडी. जमीनवाला आणि बिनजमिनीचा एकाच ढिगापाशी. आधीच्या दोन पिढ्यांत झाली नव्हती तेवढी खाण त्या वर्षा-दीड वर्षात रुंद झाली. पुढं पाऊस झाला, माणसं शेतावर परतली, खाण तशीच उघडी राहिली. वरची माती बाजूला राखून ठेवावी, काम संपलं की परत पसरावी, हे तेव्हा कुणाला सुचणार? पोट आधी.

आता थोडं दगडाबद्दल, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आपला काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, थरावर थर. थराचा खालचा-मधला भाग घट्ट पाषाण. वरचा भाग भोकाभोकांचा, पांढऱ्या गारगोट्या भरलेला, त्याला मांजऱ्या म्हणतात. घट्ट पाषाणात पाणी फक्त चिरांतून फिरतं. मांजऱ्या झिजलेला असला तर पाणी धरतो आणि सोडतो. खाण कोणत्या थरात जाऊन थांबली, यावर ती कोरडी राहणार की तळं होणार हे बरंचसं ठरतं. केंद्राची खाण घट्ट पाषाणात थांबली, फक्त पूर्वेच्या कोपऱ्यात चीर आहे. पावसाचं पाणी साधारण फेब्रुवारीपर्यंत टिकतं. खाणीत पाणी आहे तोवर खालच्या अंगाच्या तीन विहिरी उपसल्या तरी रात्रीतून भरतात. खाण आटली की आठ-पंधरा दिवसांत त्या बसतात. हे आम्ही शेजारी-शेजारी गेली काही वर्षं बघतोय.

झाडोऱ्याचं म्हणाल तर उघड्या दगडावर आधी दगडफूल, मग शेवाळ, मग चिरेत साठलेल्या चिमूटभर मातीत कुसळी गवत. पाखरांच्या विष्ठेतून पिंपळ आणि उंबर आले. हे निसर्गाचं काम. माणसानं आणलेलं वेगळं. सुबाभूळ ऐंशीच्या दशकात चारा-जळणासाठी गावोगाव लावली गेली, ती सगळ्यात आधी खाणीच्या ढिगाऱ्यावर माजली. गाजर गवताची आपल्याकडची पहिली नोंद पन्नाशीच्या दशकात पुण्यातली. आज आमच्या खाणीच्या काठावर त्याच्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. घाणेरी आणि वेडी बाभूळ आहेतच. जिथं वडारांच्या पायऱ्या आहेत तिथं मात्र देशी गवत आणि तरवड टिकून आहे, कारण पायरीवर माती धरली जाते.

त्याच पायऱ्यांच्या वर, कपारीत, शृंगी घुबडाची जोडी असते. हा पक्षी घरटं बांधत नाही, उघड्या खडकावर अंडी घालतो. हिवाळ्यात रात्री त्याचा घुमणारा आवाज येतो आणि काही जण अपशकुन म्हणून दगड मारायला निघतात. खाली पडलेल्या त्याच्या ओकलेल्या गोळ्या फोडून बघा. उंदरांची हाडं आणि कवट्या. हरभरा-गहू करणाऱ्यानं या पक्ष्याला दगड मारणं म्हणजे स्वतःच्याच कणगीला भोक पाडणं.

शेजारच्या माळावर अलीकडं दुसरी खाण झाली, क्रशरची. सुरुंग, पोकलेन, सरळ उभी भिंत, सपाट तळ. ती घट्ट पाषाण फोडून खालच्या मांजऱ्यात गेली, आणि काम चालू राहावं म्हणून मोटारी लावून पाणी बाहेर काढतात. एवढी मोठी खाण म्हणजे एवढी मोठी विहीरच की, आजूबाजूचं पाणी तिच्याकडंच ओढलं जाणार. धूळ डाळिंबाच्या पानाफुलांवर बसते ते वेगळंच. त्या भिंतीवर अजून गवताची काडी नाही.

कोल्हापूरचा रंकाळा मुळात दगडाची खाण होता असं सांगतात. देवळांना दगड गेला आणि मागं तलाव राहिला. त्याच रंकाळ्यात पुढं शहराचं सांडपाणी गेलं आणि जलपर्णी माजली. खाणीला तलाव व्हायला शेकडो वर्षं मिळाली, नासायला तेवढी लागली नाहीत.

कचरा टाकायचं म्हणणाऱ्यांचा मुद्दा मी उडवून लावत नाही. खाणीत गुरं पडतात, पोरं पोहायला जातात, डास होतात. पण कुंपण घालता येतं, गप्पी मासे सोडता येतात. ज्या चिरेतून आज विहिरींना पाणी जातं, त्याच चिरेतून उद्या कचऱ्याचं काळं पाणी जाईल, आणि चीर काही बाहेरून लिंपता येत नाही.

येत्या ग्रामसभेत हा विषय आहे. खालच्या अंगाला ज्यांच्या विहिरी आहेत त्यांनी दोरीला दगड बांधून पाणीपातळी मोजावी, तारीख टाकून वहीत लिहावी, आणि बाटलीभर पाणी तपासून आणावं. या पानावरच्या कृषी सहायक मंडळींना विनंती, पाण्याच्या नमुन्यात नेमकं काय काय तपासायला सांगायचं ते खाली लिहा.